परबताईंची चार फडकी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी चाळिशी ओलांडलेला माणूस, अठरा वर्षं कोडिंग करतोय, आणि एका प्रोजेक्टवरून दुसऱ्या प्रोजेक्टवर जायचं झालं की खुर्चीतून उठतो, बेसिनवर जातो आणि हात धुतो. साबण लावून. ऑफिसातले लोक म्हणतात, मंदारला स्वच्छतेचं वेड लागलंय. लागलं तर लागलं. हे वेड कुणी लावलं ते त्यांना ठाऊक नाही, आणि चहाच्या सुट्टीत सांगून उरकण्यासारखी ती गोष्टही नाही.

त्यांचं नाव सुहासिनी परब. सगळे परबताई म्हणायचे. आमचं ऑफिस तेव्हा मालाड पश्चिमेला होतं, खाली भांड्यांचं दुकान आणि वर आम्ही चौदा माणसं. त्या नोकरीसाठी आल्या तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. मुलाखत मीच घेतली, कारण टीम लीड मी होतो. बायोडेटात लिहिलं होतं, दिंडोशी कोर्टासमोरच्या दुकानात मराठी-इंग्रजी टायपिंग, बावीस वर्षं. त्याखाली कांदिवलीतल्या संध्याकाळच्या कोडिंग क्लासचं सर्टिफिकेट. बुटक्या, ठसठशीत, चष्मा दोरीला बांधलेला, पंजाबी ड्रेसवर पांढरे बूट.

त्या वेळी मी फार शहाणा होतो. विचारलं, "मॅडम, या वयात कोडिंग कशाला?"

"टायपिंग संपत आलंय," त्या म्हणाल्या. "मी कुठे संपत आलेय?"

मी एक गणित दिलं. बाकीची पोरं लगेच लॅपटॉपवर तुटून पडायची. ह्यांनी कोरा कागद मागितला, पेन्सिल काढली आणि चाळीस मिनिटं मान वर केली नाही. मी दोनदा डोकावून आलो. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "घाई तुला आहे, कामाला नाही. बस जरा." आणि उत्तर बरोबर होतं हो! एकही चूक नाही. मला आवडलं नाही, पण घ्यावं लागलं.

आता आमच्या कामाबद्दल दोन शब्द. आमच्यात एकेका माणसाकडे तीन-तीन गिऱ्हाइकांचे प्रोजेक्ट असायचे. कोड लिहायच्या ॲपमध्ये प्रत्येक प्रोजेक्टचा वेगळा संसार असतो. त्याच्या फाइली, त्याची उघडी पानं, आणि खाली हुकूम द्यायची काळी पट्टी, तिला टर्मिनल म्हणतात. ह्या सगळ्याला मिळून म्हणायचं वर्कस्पेस. दोन बटणं दाबली की तुम्ही एका वर्कस्पेसमधून दुसऱ्यात. मी तर तिन्ही एकदम उघडे ठेवायचो आणि टणाटण उड्या मारायचो. त्याचा मला अभिमान होता.

परबताईंकडेही तीन होते. एक शाळेच्या बसचा, कुठली बस कुठे पोचली ते आईबापांना कळवणारा. एक सोसायट्यांच्या तक्रारींचा. आणि तिसरा बोरिवलीच्या एका डायलिसिस सेंटरचा, तिथे पेशंटना मशीनच्या वेळा लावून द्यायचा.

पहिल्याच आठवड्यात एका सकाळी त्यांनी पिशवीतून चार फडकी काढली. साधी, सुती, घरी शिवलेली, कडेला टीप मारलेली. पिवळं, हिरवं, निळं, पांढरं. पिवळं लॅपटॉपखाली अंथरलं आणि बसचं काम सुरू केलं. दीड तासाने उठायची वेळ झाली. आधी सगळं सेव्ह केलं. गिऱ्हाइकाच्या ताज्या नोंदींची एक प्रत वेगळी काढून ठेवली. एका चिठ्ठीवर लिहिलं, काय झालं आणि काय अर्धवट आहे. मग सगळी पानं बंद, टर्मिनल बंद, वर्कस्पेस बंद. ॲप कोरं. मोठ्याने म्हणाल्या, "चला, निघाले." बेसिनवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. परत येऊन पिवळ्याची घडी घातली, निळं पसरलं, निळ्याची कालची चिठ्ठी वाचली, आणि मग डायलिसिसचा वर्कस्पेस उघडला. सहा मिनिटं गेली! मी घड्याळ लावून मोजली होती.

"ताई, दोन बटणं आहेत हो," मी म्हटलं. "एका सेकंदात होतं."

"तुझं होतं," त्या म्हणाल्या. "माझं डोकं सहा मिनिटांनी पोचतं. तुझं किती मिनिटांनी पोचतं ते तू बघितलंयस कधी?"

दिवसातून चार-पाच वेळा हा सोहळा. ऑफिसात टवाळी सुरू झाली. कुणी म्हणे, ताई, सोवळ्यात कोडिंग करता का? कुणी त्यांच्या मागोमाग बेसिनवर जाऊन गुळण्या करी. त्या चिडत नसत. फार झालं तर चष्म्यावरून बघून म्हणत, "मेल्या, तुझ्या कोडातल्या तीन चुका काल मी निस्तरल्या. जा, गुळण्या कर." डब्यात कायम काहीतरी झणझणीत असायचं आणि ते सगळ्यांना वाढायच्या, टवाळांना दोन घास जास्तच.

एकदा असंच तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं वाढताना मी विचारलं, हे फडक्यांचं नक्की काय आहे. त्या म्हणाल्या, "माझ्या आईचं आहे."

त्यांची आई गोरेगाव पूर्वेला तीन घरी स्वयंपाक करायची. एक घर रोज मासे खाणारं. एक कांदालसूणही न खाणारं. आणि तिसऱ्या घरातल्या सासऱ्यांना किडनीचा त्रास, त्यांचं सगळं जेवण अळणी. मिठाचा कणसुद्धा नको. बाई सहाला निघायची आणि एका घरातून दुसऱ्यात पळत सुटायची. एके दिवशी माशांच्या घरी काहीतरी बोलाचाली झाली होती, त्याच विचारात ती अळणी घरी पोचली आणि सवयीने कणकेत मीठ घातलं. भाजीतही. सासऱ्यांचे पाय सुजले, दम लागला, इस्पितळात न्यावं लागलं. वाचले. घरातलं कुणी तिला एक शब्द बोललं नाही.

"बोलले असते तर बरं झालं असतं," परबताई म्हणाल्या. "आई आठ दिवस जेवली नाही नीट. म्हणायची, हात त्या घरी होते गो, पण डोकं मागच्याच घरात होतं. मग तिने ही फडकी शिवली. प्रत्येक घराचं वेगळं. एका घरून निघताना ओटा पुसायचा, गॅसवर काय आहे ते घरातल्या माणसाला सांगायचं, दुसऱ्या घरी शिरल्यावर हात धुवायचे, त्या घरचं फडकं खांद्यावर टाकायचं, आणि मगच डब्याला हात लावायचा. आणि ह्या घरचं त्या घरी नाही. मीठही नाही आणि बोलणंही नाही. कुणाची सून माहेरी जाऊन बसली, कुणाचा मुलगा नापास झाला, बायका खोदून खोदून विचारायच्या. आईच्या तोंडून कधी शब्द गेला नाही."

"आणि पांढरं?" मी विचारलं. पांढरं फडकं त्यांनी कधी अंथरलेलं मी बघितलं नव्हतं.

"ते आपल्या घरचं. आईला ते वापरायला वेळच मिळाला नाही. घरी येऊन पडायची ती." मग डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "मी वापरणार. घाई नाही."

तरीही मी त्यांच्या पाठीशी उभा राहिलो असं समजू नका. आमचे मालक केतनसर, वयाने माझ्याएवढेच, स्वभावाने वाईट नव्हते, पण त्यांना आकड्यांचा नाद. त्यांनी सगळ्यांच्या लॅपटॉपवर एक प्रोग्राम बसवला. कोण किती मिनिटं बटणं दाबत नाही ते मोजणारा. महिनाभराने तक्ता काढला. सगळ्यांचा हिरवागार, परबताईंचा लालभडक. केतनसरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"ताई, बुरा मत मानना, पण हे हात धुणं वगैरे नाही चालणार ना. सगळे करतात तसं करा. एक विंडो, तिन्ही प्रोजेक्ट. महिनाअखेरपर्यंत नाही जमलं तर आपले रस्ते वेगळे."

परबताई शांतपणे म्हणाल्या, "सर, मी हळू आहे असं लिहून द्या, मी सही करते. मी चुकले असं एक उदाहरण दाखवा, आजच जाते. पण ही पद्धत मी सोडणार नाही. कोर्टासमोर बावीस वर्षं बसले. मशिनी गेल्या, कॉम्प्युटर आले, बरोबरच्या बायका घरी बसल्या. मी शिकले. आता इथून जायचं तर माझ्या पायांनी जाईन, तुमच्या तक्त्याने नाही."

केतनसरांनी माझ्याकडे बघितलं. "मंदार, तू शिकव यांना."

मी शिकवायला बसलो. शुक्रवार होता, दुपारचे बारा वाजून गेलेले. परबताई नुकत्याच निळ्या घरातून, म्हणजे डायलिसिसच्या कामातून, उठल्या होत्या. मी त्यांच्याच खुर्चीत बसलो, त्यांच्याच लॅपटॉपवर, त्यांच्याच नावाने उघडलेल्या ॲपमध्ये. त्या बाजूला उभ्या, हातात घडी घातलेलं निळं फडकं. मी तिन्ही वर्कस्पेस एका विंडोत उघडले, तीन टर्मिनल शेजारी शेजारी मांडले. "बघा ताई, हा आलो बसमध्ये. हा गेलो सोसायटीत. हा डायलिसिस. कळलं? आता बसच्या चाचणीच्या खोट्या नोंदी पुसायच्या आहेत ना? हे घ्या." हुकूम टाइप केला. ॲपने विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. एंटर.

"झालं!" मी म्हणालो. "किती सेकंद लागले?"

परबताई स्क्रीनकडे बघत होत्या. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मंदार, तू कुठल्या घरात आहेस?"

मी बघितलं. डायलिसिसचं टर्मिनल. खोट्या नाही, खऱ्या नोंदी. शनिवारपासून पुढच्या दहा दिवसांच्या सगळ्या वेळा पुसल्या गेल्या होत्या. कुणाला कधी यायचं, कुठल्या मशीनवर, सगळं कोरं. वाट लागली होती. ज्यांना दिवसाआड मशीनवर झोपावं लागतं त्यांची वेळ चुकली तर काय होतं, हे मला त्या क्षणापर्यंत फक्त माहीत होतं. तेव्हा ते कळलं.

मी धडाधड बटणं दाबायला लागलो. "हात वर," त्या म्हणाल्या. असा आवाज मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता. मी हात वर घेतले, खरोखर, पोलिसांसमोर घेतात तसे. "ऊठ."

मी उठलो. त्यांनी तिन्ही वर्कस्पेस बंद केले. आणि बेसिनकडे निघाल्या.

"अहो ताई, आत्ता?" मी ओरडलोच.

"आत्ताच," त्या म्हणाल्या. आणि धुतले हात! कोपरापर्यंत. मला वाटलं मी मरतो आता. परत आल्या, निळं फडकं अंथरलं, चिठ्ठी वाचली, एकच वर्कस्पेस उघडला. अकरा चाळीसला त्या घरातून निघताना त्यांनी नेहमीसारखी प्रत काढून ठेवली होती. ती प्रत एक-एक पायरी तपासत परत जागेवर बसवली. वीस मिनिटांत दहा दिवसांच्या वेळा पुन्हा उभ्या राहिल्या.

राहिल्या त्या अकरा चाळीसनंतर सेंटरने बदललेल्या वेळा. परबताईंनी सेंटरला फोन लावला आणि काय झालं ते सरळ सांगितलं. काउंटरवरच्या सिस्टरला चार बदल आठवले. "अजून एक होता," ती म्हणाली, "फोनवर आलेला. मी नाव डायरेक्ट कॉम्प्युटरवर टाकलं. आता नाही आठवत हो."

"साठेक पेशंट आहेत," मी म्हटलं. "एकासाठी..."

त्यांनी यादीचे दोन भाग केले, एक माझ्यासमोर ठेवला. मग दुपारभर आम्ही एकेकाला फोन करत होतो. "नमस्कार, तुम्ही आज वेळ बदलून घेतलीत का?" कुणी झोपलेलं, कुणी चिडलेलं, एका आजींनी मला स्वतःच्या सगळ्या सुनांची माहिती दिली. काहीजण फोन उचलत नव्हते, त्यांना परत, आणि परत. साडेसहाला परबताईंना तो सापडला. कांदिवलीचे एक गृहस्थ. सोमवारी नातीचं बारसं होतं म्हणून शनिवारी सकाळी सातची वेळ मागून घेतली होती. ते सकाळी पोचले असते आणि त्यांच्या नावाचं मशीनच नसतं. परबताईंनी नाव चढवलं, सिस्टरकडून वाचून घेतलं, प्रत काढली, चिठ्ठी लिहिली, फडक्याची घडी घातली. मला म्हणाल्या, "जेव जा काहीतरी. सकाळपासून उपाशी आहेस."

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी ती हसत हसत सांगितली असती.

सोमवारी केतनसरांनी सर्व्हरची नोंद बघितली. पुसायचा हुकूम कुणाच्या नावाने गेला? सुहासिनी परब. त्यांनी मला केबिनमध्ये घेतलं. "बोललो होतो ना? बाई गोंधळतात यार. बरं झालं निस्तरलं. पण आता नको. महिनाअखेर कशाला, आठवड्यातच सांगू या त्यांना."

आणि मी गप्प बसलो. हे लिहायला आजही जड जातं. मी म्हणालो, "बघू." दोन महिन्यांनी मला मॅनेजर करणार होते. मी स्वतःला सांगितलं, त्या स्वतःच सांगतील ना, खुर्चीत कोण बसलं होतं ते. त्यांनीही नाही सांगितलं. सोमवार गेला, मंगळवार गेला. त्या वेळेवर येत, फडकी बदलत, हात धूत, मला डबा वाढत. मला तो घास गिळवत नव्हता. मला माझी लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षाही भीती जास्त वाटत होती.

बुधवारी दुपारी त्यांच्या टेबलाशी गेलो. "ताई, तुम्ही सरांना का नाही सांगितलंत?"

त्या चिठ्ठी लिहीत होत्या. ती पुरी केली. मग म्हणाल्या, "ते तुझ्या घरचं आहे, मंदार. मी कशाला नेऊ त्या घरी? तुझं तू ने."

"पण तुम्हाला काढतायत!"

"ठाऊक आहे. मी सरांना सांगितलंय, चूक माझी नाही. कुणाची ते विचारलं, म्हटलं, ते मी नाही सांगणार. त्यांना वाटलं मी बहाणे करतेय." त्यांनी चष्मा काढून पुसला. डोळे भरलेले होते, पण आवाज तसाच. "काढलं तर दुसरीकडे जाईन, पुन्हा शिकेन. पण आईची रीत नाही मोडणार मी."

मी सरळ केबिनमध्ये गेलो. दार लावायचंही सुचलं नाही, सगळ्या ऑफिसने ऐकलं. खुर्चीत मी होतो, हुकूम मी दिला, आणि त्यांच्या अकरा चाळीसच्या प्रतीमुळे आपण वाचलो. केतनसर मला जे बोलायचं ते बोलले, ते इथे लिहीत नाही. माझं लीडपण गेलं, मॅनेजर होणं तर राहिलंच. मला मागच्या रांगेत बसवलं, परबताईंच्या शेजारी. परबताई राहिल्या. केतनसरांनी त्यांची माफी मागितली नाही, पण त्या दिवसापासून लाल तक्त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि कुठल्याही वर्कस्पेसमधून उठताना प्रत काढल्याशिवाय उठायचं नाही असा नियम सगळ्यांना लावला. गुळण्या करणारे चिठ्ठ्या लिहायला लागले.

त्यानंतर तीन वर्षं मी त्यांच्या शेजारी बसलो आणि आधीच्या दहा वर्षांत शिकलो नव्हतो एवढं शिकलो. मग एके दिवशी त्यांनी राजीनामा टाइप केला, अस्सल कोर्टाच्या भाषेत, "मी खाली सही करणार, सज्ञान, स्वखुशीने" वगैरे. केतनसर स्वतः उठून टेबलाशी आले, थांबा म्हणाले. "तुम्ही काढलं नाहीत, सर. मी निघालेय," त्या म्हणाल्या आणि मनापासून हसल्या.

शेवटच्या दिवशी पिवळं आणि हिरवं ज्याच्या-त्याच्याकडे सोपवलं, चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांसकट. निळं माझ्या हातात दिलं. "अळणी घर तुला देतेय. सांभाळ." पांढरं पिशवीत परत गेलं.

मागच्या महिन्यात एका प्रतिज्ञापत्राच्या कामाने दिंडोशीला गेलो होतो. कोर्टासमोरच्या टायपिंगच्या दुकानांपैकी एकात गर्दी जरा जास्त होती. आत चार बायका चार कॉम्प्युटरवर टाइप करत होत्या. त्यांतल्या एकीने मला सांगितलं, आमच्याकडे आता नवीन प्रोग्राम आहे, प्रत्येक अशिलाचं वेगळं घर, एकाचं नाव दुसऱ्याच्या कागदात जातच नाही. आधीचं घर पुसून बंद केल्याशिवाय पुढचं उघडतच नाही मेलं. पहिल्यांदा वैताग यायचा, आता गिऱ्हाईक लांबून येतं.

"कुणी बनवला?" मी विचारलं, पण विचारता विचारताच मला मागच्या भिंतीशी त्या दिसल्या. केस पार पांढरे झालेले, चष्मा तसाच दोरीला. लॅपटॉपखाली पांढरं फडकं, आणि त्यावर दोन-तीन चहाचे डागही पडलेले.

"परबताई!"

त्यांनी मान वर केली नाही. फक्त डावा हात वर केला, थांब म्हणून. मी थांबलो. त्यांनी सेव्ह केलं, प्रत काढली, चिठ्ठी लिहिली, सगळं बंद केलं, फडक्याची घडी घातली. दुकानाच्या मागच्या नळावर गेल्या. मी घड्याळ बघितलं नाही. परत आल्या तेव्हा कोपरांवरून पाणी ठिबकत होतं.

"हं," त्या म्हणाल्या, "आता आले तुझ्याकडे. बोल."